नोकरी, मूल आणि वैद्यकीय प्रवेश : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात ‘तिशीनंतर डॉक्टर होता येते का?’ या प्रश्नाला आम्ही ‘होय, पण आधी घराचा हिशेब मांडावा’ असे एका वाक्यात उत्तर दिले होते. ते उत्तर अपुरे होते, हे सांगणारी बरीच पत्रे त्यानंतर आली आणि लिहिणारे जवळजवळ सगळेच नोकरी करणारे आई-वडील होते. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून अकरा वर्षे एका रोगनिदान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. मला सात आणि तीन वर्षांचे दोन मुलगे आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय होते, पुढे विज्ञानाची पदवी घेतली. त्या वेळी वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला, ती रुखरुख अजून गेलेली नाही. आता वय आड येईल का? आणि नोकरी न सोडता तयारी होऊ शकेल का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. भारतात ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. खुल्या गटासाठी पूर्वी असलेली २५ वर्षांची कमाल मर्यादा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली. तेव्हा नियम आपल्या आड येत नाही. अशा वेळी सिसिली साँडर्स यांचे उदाहरण हमखास दिले जाते. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू करून १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेची आधुनिक पद्धत त्यांनीच घालून दिली. उदाहरण खरे आणि मोठे आहे, पण मी ते आपल्यासारख्यांना देताना कचरतो, कारण त्या शिकत होत्या तेव्हा त्यांच्या घरी तीन वर्षांचे मूल नव्हते.

खरा प्रश्न दुसराच आहे. आठवड्याचे तास १६८. त्यांतून नोकरीचे ४५, येण्याजाण्याचे १०, झोपेचे ४९ आणि घर व मुले यांचे ४० तास वजा केले तर २४ उरतात. वर्षातले ४० आठवडेच असे सरळ जातील असे धरले, तर ९६० तास होतात. मुलांचे ताप, शाळेचे कार्यक्रम, सहकारी रजेवर गेल्याने अंगावर पडलेल्या जादा पाळ्या यांपायी एक तृतीयांश गेले, तर ६४० उरतात. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, आपण आपले घालावेत. पण ते आठवणीतून न घालता एक आठवडाभर अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद वहीत ठेवून घालावेत, कारण आपण मुलांसाठी किती वेळ देतो याचा अंदाज आई-वडिलांचा नेहमी चुकतो, कुणाचा कमी तर कुणाचा जास्त.

त्यातही सगळे तास एका मोलाचे नसतात. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, त्यांपैकी निम्मे जीवशास्त्राचे. जीवशास्त्राची उजळणी वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत होऊ शकते : धाकटा अंघोळीला बसला आहे, तोवर पेशीविभाजनाच्या अवस्था मनातल्या मनात म्हणता येतात. भौतिकशास्त्राचे आणि भौतिक रसायनाचे तसे नाही. गणित अर्ध्यावर सोडून उठावे लागले, की परतल्यावर ते पहिल्यापासून मांडावे लागते. म्हणून कोणीही मध्ये उठवणार नाही असे सलग दोन तास आपल्याला आठवड्यातून किती वेळा मिळतात, हा आपल्या तयारीचा खरा आकडा आहे. तो शून्य किंवा एक असेल, तर नवी पुस्तके घेण्याआधी तो तीनवर कसा नेता येईल ते पाहावे. त्यासाठी पाळी बदलून घेणे, पाळणाघराची वेळ वाढवणे किंवा रविवारची सकाळ जोडीदाराच्या नावावर लावणे, असे जे करावे लागेल ते करावे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. नीटची परीक्षा दुपारी दोनला सुरू होते, तर नोकरदार पालकाचा सगळा अभ्यास रात्री दहानंतर होतो. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होणाऱ्या परीक्षेत ही विसंगती महागात पडते. निदान शेवटच्या तीन महिन्यांत सराव परीक्षा सुट्टीच्या दिवशी दुपारी दोन ते पाच याच वेळेत द्याव्यात.

नोकरी एवढ्यात सोडू नये. बारा आठवडे नोकरी सांभाळून ठरलेले तास प्रत्यक्षात भरतात का ते पाहावे; शेवटी एक पूर्ण सराव परीक्षा द्यावी आणि मगच निर्णय घ्यावा. पुढे जायचे ठरले, तर राजीनाम्याऐवजी परीक्षेपूर्वीच्या आठ आठवड्यांची बिनपगारी रजा मागावी. पगाराबरोबर नोकरीतून मिळणारा कुटुंबाचा आरोग्य विमाही जातो, हे घरात लहान मुले असताना विसरून चालत नाही.

आता कटू भाग. या परीक्षेला अलीकडे दरवर्षी २० लाखांहून अधिक उमेदवार नोंदणी करतात आणि एमबीबीएसच्या देशभरातील जागा एक लाखाहून अधिक आहेत. आपली स्पर्धा दिवसाचे दहा-बारा तास केवळ अभ्यास करणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांशी आहे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणूनच ती मर्यादा घरात ठरवून ठेवावी लागते. माझे मत विचाराल, तर दोन प्रयत्न. शिवाय पुढची वर्षे स्वतःच्या वयात न मोजता मुलांच्या वयात मोजून पाहावीत. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) धरता, आपण छत्तिसाव्या वर्षी प्रवेश घेतला तर पदवी हाती येईल तेव्हा आपण सुमारे ४२ वर्षांच्या, थोरला १५ आणि धाकटा ११ वर्षांचा असेल. थोरल्याची शालान्त परीक्षा आणि आपली आंतरवासिता जवळजवळ एकाच वर्षी येतील. विशेष शाखेचे शिक्षण घ्यायचे तर आणखी तीन वर्षे. हे वाचून मन खचले नाही, उलट तारखा कशा जुळवायच्या याचाच विचार सुरू झाला, तर आपण अर्ज करावा असे मला वाटते.

प्रश्न : एमबीबीएस अंशकालीन किंवा दूरस्थ पद्धतीने करता येते का? मी आठवड्यातून चार दिवस हजर राहू शकेन.

उत्तर : नाही. तसे कोणी सांगत असेल, तर त्याला पैसे देऊ नयेत. भारतात तात्त्विक विषयांत किमान ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांत ८० टक्के उपस्थिती लागते. पहिल्या व्यावसायिक परीक्षेसाठी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या अखेरच्या परीक्षेसाठी, चारच प्रयत्न मिळतात आणि प्रवेशापासून ९ वर्षांत अभ्यासक्रम संपवावाच लागतो. ही नऊ वर्षांची सवलत कोणी ‘सावकाश करण्याची सोय’ म्हणून वाचू नये. ती अडीअडचणीसाठी आहे.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा अभियंता आहे आणि मुलगी दीड वर्षाची आहे. मला जीवशास्त्र कधीच नव्हते. परदेशात कोणत्याही पदवीनंतर वैद्यकीय प्रवेश मिळतो, असे ऐकले. आम्ही दोघे नोकरीनिमित्त परदेशी जाण्याचा विचार करतच आहोत. कोणता मार्ग धरावा?

उत्तर : प्रथम देशातील मार्ग. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांना पूर्वी नीटचे दार बंद होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही पात्र ठरवले. तेव्हा मान्यताप्राप्त मंडळाकडून तो विषय पूर्ण करून आपणही बसू शकता. आपले भौतिकशास्त्र पक्के असेल, तर ज्या विषयाला सलग वेळ लागतो तो आपल्याकडे आधीच आहे आणि जो तुकड्यांत होतो तोच शिकायचा आहे. लहान मूल असलेल्या माणसाला याहून सोयीची वाटणी मिळणे कठीण.

परदेशातील मार्ग एकसारखे नाहीत आणि त्यांतला फरक आपल्यासारख्याला फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेत चार वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतर असतो, पण ‘कोणतीही पदवी’ हे अर्धसत्य आहे. जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र आणि बऱ्याच ठिकाणी जीवरसायन हे विषय, त्यांतले बरेचसे प्रयोगशाळेसह, पूर्ण केलेले असावे लागतात. त्यावर एमकॅट ही परीक्षा. तिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर मिळतात आणि मधल्या सुट्ट्या धरून परीक्षा केंद्रात सुमारे साडेसात तास बसावे लागते. एका वर्षात तीन, सलग दोन वर्षांत चार आणि आयुष्यात सात असे प्रयत्नांचे बंधन आहे. स्तनपान देणाऱ्या आईला या परीक्षेत वेगळी सोय मागता येते, मात्र ती आधी अर्ज करून मंजूर करून घ्यावी लागते. आपण परदेशी जाण्याचा उल्लेख केला आहे म्हणून हेही सांगतो, की अमेरिका आणि कॅनडातील बरीच वैद्यकीय महाविद्यालये नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांचा अर्जच घेत नाहीत. नोकरीच्या व्हिसावर जाऊन दुसऱ्या वर्षी अर्ज करू, हा बेत त्यामुळे बहुधा फसतो.

ऑस्ट्रेलियातील पदवीनंतरच्या अभ्यासक्रमांसाठी गॅमसॅट ही परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि तिचे गुण चार वर्षे चालतात. ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याला ही चार वर्षांची मुदत वरदान आहे, कारण एका वर्षी परीक्षा आणि मूल थोडे मोठे झाल्यावर अर्ज, अशी विभागणी जमते. ब्रिटनमधील यूकॅट या प्रवेश परीक्षेचे गुण मात्र त्याच वर्षीच्या अर्जापुरते असतात. परीक्षा उन्हाळ्यात द्यायची आणि १५ ऑक्टोबरच्या मुदतीत अर्ज भरायचा. नोकरीतील धावपळीने एक मुदत चुकली, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. कॅनडातील मॅकमास्टर आणि कॅलगरी या विद्यापीठांचा अभ्यासक्रम तीनच वर्षांचा आहे. कुणाला तो सर्वांत मोहक वाटेल, पण तेथे एक वर्ष वाचते ते उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्ट्या काढून घेऊनच. वर्षातून आठ-दहा आठवडे सलग मुलीबरोबर असणे हे आपल्या घराचे गणित असेल, तर चार वर्षांचा अभ्यासक्रमच आपल्याला हलका जाईल.

प्रश्न : अर्जासोबतच्या निबंधात मी आई आहे हे लिहावे की लपवावे? एका मार्गदर्शकाने ‘अजिबात लिहू नका’ असे सांगितले, दुसऱ्याने ‘त्यावरच निबंध लिहा’ असे सांगितले. शिफारसपत्र कोणाकडून घ्यावे हाही प्रश्न आहे, कारण माझे प्राध्यापक मला विसरले असतील.

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. जेथे प्रवेश केवळ गुणांवर होतो तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. जेथे निबंध असतो तेथे वाचणाऱ्याला एवढेच हवे असते, की या व्यक्तीला वैद्यकाचे काम काय असते हे जवळून ठाऊक आहे आणि जड अभ्यास ती आज पेलू शकते. मातृत्व या दोन्हींपैकी एखाद्या गोष्टीचा पुरावा देत असेल तर लिहावे, नसेल तर लिहू नये. अमेरिकेतील अर्जात या निबंधाला मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम दीड पान. त्यात शोभेच्या वाक्याला जागा नाही.

फरक कसा दिसतो ते सांगतो. ‘आई झाल्यावर मला सहनशीलता आणि करुणा यांचा खरा अर्थ कळला’ हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचले आहे, की आता ते डोळ्यांपुढून सरकून जाते. तेच एखादीने असे लिहावे : ‘मुलगा अपुऱ्या दिवसांचा जन्मल्यामुळे एकोणीस दिवस नवजात अतिदक्षता विभागात होता. त्याचे वजन रोज कोण लिहिते आणि ते घटले तर पुढे काय ठरते, हे मी परिचारिकांना विचारू लागले. त्यानंतर दोन वर्षे मी त्याच विभागात दर शनिवारी स्वयंसेवक म्हणून गेले आणि त्याच काळात जीवरसायनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला.’ येथे मूल आहे, पण वाक्याचा कर्ता आई आहे आणि ती काहीतरी करते आहे. शैक्षणिक नोंदीतल्या एखाद्या खंडाचे किंवा घसरलेल्या गुणांचे कारण बाळंतपण असेल, तर ते एका वाक्यात, वर्षासह आणि क्षमायाचनेचा सूर न लावता सांगावे. त्याच्या पुढच्याच वाक्यात नंतर मिळवलेले गुण द्यावेत.

शिफारसपत्रासाठी बारा वर्षांपूर्वीच्या प्राध्यापकांना गाठण्यात अर्थ नाही. ते सौजन्याने लिहितील, पण ते पत्र कोणाबद्दलही असू शकेल. जेथे विज्ञानशिक्षकाचे पत्र मागतात तेथे आताच एखादा विषय घेऊन, प्रयोगशाळेत हजर राहून नवा शिक्षक जोडावा. दुसरे पत्र कामावरील वरिष्ठांचे असावे. आपण नोकरी सोडून शिकणार आहात हे त्यांना कधी सांगायचे, हा नाजूक भाग आहे खरा. तरी अर्जाची मुदत चार महिन्यांवर आली असताना सांगावे, त्याआधी नको. त्यांच्याकडून कौतुकापेक्षा प्रसंग मागावेत : कोणत्या दिवशी काय बिघडले आणि आपण काय केले.

प्रश्न : मुलाखतीत ‘मुलांना कोण सांभाळणार?’ असे विचारले तर? माझ्या मैत्रिणीला विचारले होते, तिच्याबरोबरच्या बाप असलेल्या उमेदवाराला विचारले नाही.

उत्तर : आपल्या मैत्रिणीवर अन्याय झाला. असा प्रश्न मुळात विचारला जाऊ नये आणि ज्या ठिकाणी मुलाखतकारांना रीतसर प्रशिक्षण दिले जाते तेथे तो विचारू नका असे बजावलेले असते. मॅकमास्टर विद्यापीठाने रुजवलेल्या छोट्या-छोट्या अनेक मुलाखतींच्या पद्धतीत प्रत्येक टेबलावरचा प्रसंग आधी ठरलेला असतो, त्यामुळे तेथे घरगुती चौकशीला वाव कमी. तरीही प्रश्न आलाच, तर मुलाखतीच्या खोलीत हक्कासाठी वाद घालावा की उत्तर द्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. वाद घालणाऱ्याला मी दोष देणार नाही. उत्तर द्यायचे असेल तर ते छोटे आणि व्यवस्थेविषयीचे असावे : ‘दिवसाची आणि रात्रपाळीची अशा दोन्ही व्यवस्था ठरलेल्या आहेत. गेली दोन वर्षे नोकरी आणि अभ्यास त्याच व्यवस्थेवर चालले आहेत.’ एवढे बोलून थांबावे. सासूबाई किती प्रेमळ आहेत हे सांगू लागलात, की पुढचे प्रश्नही त्यांच्याविषयीच येतात.

प्रश्न : अर्ज माझी पत्नी करते आहे. मी अर्ज करत नसल्याने मला कोणी सल्ला देत नाही. आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. मी नेमके काय करायला हवे?

उत्तर : आपले पत्र शेवटी घेतले, कारण आधीच्या पाचही उत्तरांचे यश बहुतांशी आपल्यासारख्यांवर अवलंबून आहे. ‘मी मदत करीन’ हा शब्दप्रयोग प्रथम सोडावा. मदत करणाऱ्याला प्रत्येक वेळी काय करायचे ते सांगावे लागते आणि ते सांगण्याचे काम अभ्यास करणाऱ्याकडेच राहते. त्याऐवजी काही कामे पूर्णपणे, म्हणजे ती लक्षात ठेवण्यासकट, आपल्याकडे घ्यावीत : मुलाच्या लसीच्या तारखा, शाळेच्या सूचना, लहान झालेले बूट, डबा.

पहिल्या वर्षाचा ताण मुख्यतः पाठांतराचा आणि उपस्थितीचा असतो, तो वेळापत्रकात बसतो. खरी परीक्षा रुग्णकक्षातले काम सुरू झाल्यावर होते, विशेषतः प्रसूतिशास्त्र आणि शल्यचिकित्सा या विभागांत, कारण तेथे घरी यायची वेळ सांगता येत नाही. पुढे प्रशिक्षणार्थी डॉक्टर झाल्यावर काय होते ते देशागणिक बदलते. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला सरासरी ८० तासांची कमाल मर्यादा आहे, युरोपीय संघाच्या नियमानुसार सरासरी ४८ तासांची. आपण कोठे राहणार आहात त्यावरून आपली स्वतःची नोकरी किती लवचिक असावी लागेल, याचा अंदाज आजच घ्यावा. आपल्यालाही फिरतीचे काम असेल, तर दोघांपैकी एकाचे वेळापत्रक स्थिर करण्याचा निर्णय प्रवेशाआधी व्हायला हवा.

पैशांबाबत एकच सूचना. शुल्क आणि पत्नीचा बंद होणारा पगार यांची बेरीज करून मगच खर्च किती ते बोलावे. बहुतेक घरांत फक्त शुल्कावर चर्चा होते आणि दुसऱ्या वर्षी ओढाताण सुरू होते.

आणि एक लहान काम या आठवड्यातच करावे. मुलाला ताप आला तर शाळेतून पहिला फोन कोणाला जातो, ते पाहावे. तो पत्नीला जात असेल, तर शाळेच्या नोंदीत पहिला क्रमांक आपला लावून घ्यावा. प्रवेश मिळेपर्यंत त्यासाठी थांबू नये, कारण ज्या दुपारी ती सराव परीक्षेला बसलेली असेल, त्याच दुपारी तो फोन येणार आहे.